छत्तीस चौरस मैलांचा कारभार

'टाउनशिप' हा शब्द महाराष्ट्रात कानावर पडला की डोळ्यांसमोर शहराच्या कडेला उभे राहिलेले इमारतींचे संकुल येते: मोठे प्रवेशद्वार, पहारेकऱ्याची चौकी, आत बाग आणि माहितीपत्रकात ठळकपणे छापलेला पोहण्याचा तलाव. त्यामुळे अमेरिकेतील मिनेसोटा, मिशिगन किंवा ओहायो राज्यात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या कोणी 'आम्ही टाउनशिपमध्ये राहतो' असे सांगितले, तर त्याचा हमखास गैरसमज होतो. कारण सांगणारा बहुधा मक्याच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतात एकट्याच उभ्या असलेल्या घरात राहत असतो आणि त्याचा सर्वांत जवळचा शेजारीही अर्धा मैल लांब असतो. ही ग्रामीण टाउनशिप म्हणजे काय, तिचा आकार इतका चौकोनी का, आणि तिचा कारभार कोण पाहते, हे या लेखात मुख्यतः मिनेसोटाच्या आधारे समजून घेऊ. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे एकच राज्य धरून बोललेले बरे.

गोंधळाचे पहिले कारण असे की, टाउनशिप या एकाच नावाने दोन गोष्टी ओळखल्या जातात. एक टाउनशिप मोजणीची आहे. ती म्हणजे जमिनीच्या नकाशावरचा सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा चौकोन. तिला पदाधिकारी नसतात, कर नसतो, नुसता क्रमांक असतो. दुसरी टाउनशिप कारभाराची आहे. तिला नाव असते, मतदार असतात आणि तिजोरी असते. मिनेसोटासारख्या राज्यांत कारभाराच्या टाउनशिपने बहुतेक ठिकाणी मोजणीच्या चौकोनाचीच शीव आपली म्हणून घेतली, म्हणून दोन्ही एकच आहेत असे वाटते. आपल्याकडच्या गावाशी तुलना करायची तर येथेच मोठा फरक दिसतो. आपले गाव आधी वसले, त्याचे शिवार पुढे ठरत गेले, आणि ओढा, टेकडी, पांदण यांच्या आधाराने ठरलेली शीव मोजणी खात्याने पुढे जशी होती तशी कागदावर उतरवली. तिथे रेषा आधी आखली गेली आणि माणसे नंतर आली.

या रेषांचा उगम २० मे १७८५ रोजी मंजूर झालेल्या जमीनविषयक अध्यादेशात आहे. स्वातंत्र्ययुद्धानंतर नव्या राष्ट्रावर कर्जाचा बोजा होता आणि काँग्रेसच्या (तिथल्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या) हाती विकण्याजोगी गोष्ट एकच होती, ती म्हणजे ओहायो नदीपलीकडची जमीन. पण विकायची तर आधी मोजायला हवी. जुन्या वसाहतींमधील खरेदीखतांत 'ओढ्याच्या वळणापासून मोठ्या ओकच्या झाडापर्यंत, तेथून अमक्याच्या कुंपणापर्यंत' अशा चतुःसीमा लिहिलेल्या असत. ओक पडला किंवा ओढ्याने पात्र बदलले की भांडण उभे राहत असे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अध्यादेशाने हा प्रकार नव्या प्रदेशापुरता मोडीत काढला आणि सगळी जमीन उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम रेषांनी चौकोनांत विभागावी असे ठरवले. थॉमस हचिन्स या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याच वर्षी ओहायो व पेनसिल्व्हेनिया यांच्या सीमेवर, आजच्या ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ, या मोजणीचा आरंभबिंदू रोवला गेला.

मोजणीचे साधन होते एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली रूढ केलेली साखळी. तिची लांबी ६६ फूट; अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर. ही साखळी मराठी शेतकऱ्याला परकी नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे ३३ फुटांची आणि १६ आण्यांत विभागलेली साखळी वापरली गेली, आणि ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे आपला गुंठा. तेव्हा मिनेसोटातला एक चौरस मैल आपल्या मोजणीदाराला जुन्या साखळीने मोजायला दिला, तर प्रत्येक बाजू बरोबर १६० साखळ्या भरेल आणि क्षेत्र ६४० एकर, म्हणजे २५,६०० गुंठे येईल. माझ्या मते ही टाउनशिप समजून घेण्याची सर्वांत सोपी वाट आपल्या ओळखीच्या गुंठ्यातूनच जाते.

सहा मैलांच्या चौकोनाचे एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे पडतात. त्या प्रत्येक तुकड्याला सेक्शन म्हणतात. १७९६ पासून रूढ झालेल्या पद्धतीने क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात: वरच्या ओळीत पूर्वेकडून पश्चिमेकडे १ ते ६, मग खाली उतरून पश्चिमेकडून पूर्वेकडे ७ ते १२, आणि असेच येत-जात आग्नेय कोपऱ्यात ३६. नांगराला जुंपलेले बैल एक तास संपवून बांधापाशी वळतात आणि शेजारचे तास उलट दिशेने धरतात, तसाच हा प्रवास आहे. १७८५ च्या अध्यादेशाने १६ क्रमांकाचा सेक्शन शाळांसाठी राखून ठेवला होता, आणि मिनेसोटा १८५८ मध्ये राज्य झाले तेव्हा तेथे १६ बरोबर ३६ क्रमांकाचा सेक्शनही शाळांसाठी देण्यात आला. याचा अर्थ शाळेची इमारत त्याच सेक्शनमध्ये उभी राहिली असा नाही. त्या जमिनी विकून किंवा भाड्याने देऊन येणारा पैसा शिक्षणासाठी वापरायचा होता, आणि त्यातून उभा राहिलेला राज्याचा कायमस्वरूपी शाळा निधी आजही चालू आहे.

सेक्शनचे चार समान भाग केले की १६० एकरांचा चतकोर होतो, आणि त्या चतकोराचे पुन्हा चार भाग केले की ४० एकर. शेतकरी बोलताना या तुकड्याला 'फॉर्टी' एवढेच म्हणतात. आपल्या हिशेबाने तो चाळीस साखळ्या लांब, चाळीस साखळ्या रुंद आणि १,६०० गुंठ्यांचा तुकडा आहे. मिनेसोटातल्या एखाद्या खरेदीखतात 'सेक्शन १४ च्या आग्नेय चतकोराचा वायव्य चतकोर, टाउनशिप ११० उत्तर, रेंज ३० पश्चिम' असे वर्णन आले, तर ते उलट बाजूने वाचावे. टाउनशिप ११० उत्तर म्हणजे पायारेषेपासून (मोजणीच्या मूळ पूर्व-पश्चिम रेषेपासून) उत्तरेकडे मोजलेली एकशे दहावी ओळ. रेंज ३० पश्चिम म्हणजे मुख्य रेखावृत्तापासून (मोजणीच्या मूळ उत्तर-दक्षिण रेषेपासून) पश्चिमेकडे तिसावा स्तंभ. राज्याच्या बहुतेक भागासाठी ही पायारेषा मिनेसोटात नाहीच. ती दक्षिणेकडे आर्कान्सा राज्यात आहे, आणि तिचा आरंभबिंदू १८१५ साली मोजणीदारांनी एका दलदलीत ठरवला होता. मिनेसोटाच्या दक्षिण सीमेला लागून असलेली पहिलीच ओळ म्हणून १०१ क्रमांकाची आहे: तिच्या खाली सहा-सहा मैलांच्या शंभर ओळी, म्हणजे सुमारे सहाशे मैल, मिसूरी आणि आयोवा ओलांडून गेलेल्या आहेत. एका शेतकऱ्याच्या चाळीस एकरांचा पत्ता दुसऱ्या राज्यातल्या दलदलीपासून मोजला जातो, ही गोष्ट मला अजूनही चमत्कारिक वाटते.

कागदावर हे सगळे नेटके दिसते, पण पृथ्वी गोल आहे आणि उत्तरेकडे जाणाऱ्या रेखावृत्तांमधील अंतर कमी कमी होत जाते. ४५ अंश उत्तर अक्षांश मिनेसोटातून जातो. त्या अक्षांशावर दक्षिण बाजूला सहा मैल रुंद असलेली टाउनशिप उत्तर बाजूला पोहोचेपर्यंत सुमारे ४८ फुटांनी अरुंद होते. ही तूट सगळ्या सेक्शनमध्ये थोडी थोडी वाटण्याऐवजी पश्चिमेकडच्या स्तंभावर, म्हणजे ६, ७, १८, १९, ३० आणि ३१ या सेक्शनवर टाकायची असा नियम केला गेला, आणि साखळीच्या मापातली उत्तर-दक्षिण चूक उत्तरेकडच्या ओळीवर टाकली गेली. याखेरीज ठरावीक अंतरावर एक दुरुस्ती-रेषा आखून तिथून अंतरे पुन्हा नव्याने सहा मैल धरायची. परिणाम असा की, सरळ उत्तरेकडे जाणारा मातीचा रस्ता अचानक एका आडव्या रस्त्यावर संपतो, काही अंतर डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकून पुन्हा उत्तरेकडे निघतो. अनोळखी माणसाला ती कोणाची तरी घोडचूक वाटते. तिथे पृथ्वीचा गोलपणा डांबर-खडीत उतरलेला असतो.

मोजणीदार सेक्शनच्या कोपऱ्यांवर लाकडी खुंट किंवा दगड रोवत, गवताळ माळावर झाड नसेल तर मातीचा उंचवटा करत, आणि झाडे असतील तर जवळच्या झाडांवर खुणा करून त्यांची जात, जाडी व अंतर वहीत लिहीत. हेतू फक्त कोपरा पुन्हा सापडावा एवढाच होता. पण १९३० मध्ये फ्रान्सिस मार्शनर यांनी या वह्यांतील नोंदींवरून शेती येण्यापूर्वीच्या मिनेसोटातील वनस्पतींचा नकाशा तयार केला, आणि तो आजही पर्यावरण अभ्यासकांच्या उपयोगी पडतो.

या कोऱ्या चौकोनांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: ती जमीन मोकळी नव्हती. दक्षिण मिनेसोटा हा डकोटा या मूळ रहिवासी लोकांचा प्रदेश होता, आणि १८५१ मध्ये ट्रॅव्हर्स दे सू व मेंडोटा येथे झालेल्या दोन तहांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन त्यांच्याकडून काढून घेतली गेली. तहात कबूल केलेले पैसे व धान्य वेळेवर न मिळाल्याने उपासमार झाली, १८६२ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. उरलेल्या बहुतेकांना राज्याबाहेर घालवले गेले. जमिनीचे वर्णन नुसत्या क्रमांकांनी होऊ लागले की तिथल्या जुन्या नात्यांना कागदावर जागाच राहत नाही.

योगायोगाने त्याच १८६२ मध्ये, तेही २० मे या तारखेलाच, होमस्टेड कायद्यावर सही झाली. या कायद्याने १६० एकरांचा चतकोर अल्प शुल्क घेऊन देऊ केला, पण घेणाऱ्याने त्याच जमिनीवर राहून पाच वर्षे ती कसली पाहिजे अशी अट घातली. तिथे गावठाण का नाही याचे एक मोठे उत्तर या अटीत आहे. आपला शेतकरी गावठाणात राहतो आणि सकाळी शेतावर जातो. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपापल्या चतकोरावरच घर बांधावे लागले आणि घरे विखुरली गेली. आजही टाउनशिपच्या छत्तीस चौरस मैलांत पार, पेठ किंवा मधला चौक शोधून सापडत नाही. लोकवस्ती अगदी शे-दोनशे असणेही नवलाचे नाही.

इतक्या विखुरलेल्या माणसांना सामाईक असे काय असते? मुख्यतः रस्ते. मिनेसोटात सुमारे १,८०० टाउनशिप आहेत आणि त्यांच्याकडे राज्यातील ५० हजार मैलांहून अधिक रस्ते आहेत. ते बहुतांशी खडीचे असून पुष्कळसे सेक्शनच्या रेषांवरूनच जातात. रस्त्याची रुंदी किमान चार रॉड, म्हणजे ६६ फूट, अर्थात एक पूर्ण गंटर साखळी. रेषेच्या दोन्ही अंगांना ३३-३३ फूट गेले की मैलभर रस्त्यामागे आठ एकर जमीन लागते आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांची चार-चार एकर जाते. दोन टाउनशिपच्या शिवेवरचा रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्या आपसांत करार करून सोडवतात: अमुक तीन मैलांची देखभाल तुम्ही करायची, पुढच्या तीन मैलांची आम्ही.

खडीचा रस्ता सांभाळणे हे वाटते त्याहून नाजूक काम आहे. रस्त्याचा मध्य उंच आणि कडा उतरत्या राहिल्या तरच पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत जाते. वाहनांच्या वर्दळीने खडी कडेला सरकते, मध्य बसतो, आणि मग ग्रेडर (रस्ता खरवडून सारखा करणारे यंत्र) फिरवून ती पुन्हा मध्यावर ओढावी लागते. हिवाळ्यात जमीन फुटभराहून खोल गोठते. मार्चमध्ये वरचा थर वितळतो पण खालचा बर्फ तसाच असल्याने पाणी मुरत नाही, आणि रस्त्याचा चिखल होतो. त्या काही आठवड्यांत जड वाहनांवर वजनाची मर्यादा घातली जाते. शेताच्या तोंडाशी टाकलेली मोरी तुंबली किंवा लहान पडली की शेजाऱ्याच्या शेतात पाणी साचते, आणि पुढच्या बैठकीत त्यावरच अर्धा तास जातो.

हा कारभार पाहणारे मंडळ लहान असते. मिनेसोटात साधारणपणे तीन सुपरवायझर, म्हणजे मंडळाचे सदस्य, निवडले जातात आणि त्यांची मुदत तीन वर्षांची असते. बरोबर एक क्लार्क व एक खजिनदार असतो आणि त्यांची मुदत दोन वर्षांची. बहुतेक ठिकाणी क्लार्क आणि खजिनदारही मतदारच निवडतात, ही गोष्ट आपल्याला नवी आहे, कारण आपला ग्रामसेवक (२०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी') जिल्हा परिषदेने नेमलेला असतो. हे सगळे अर्धवेळ काम करतात. क्लार्कचे दप्तर कित्येकदा त्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलावरच असते.

पण या व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य मंडळात नसून मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी भरणाऱ्या वार्षिक सभेत आहे. सभा टाउन हॉलमध्ये होते. हे नाव भारदस्त असले तरी वास्तू म्हणजे रस्त्याच्या कडेची एकच खोली असते, आणि काही ठिकाणी ती बंद पडलेली एकखोली शाळा असते. जमलेले मतदार आपल्यातूनच एक सभाध्यक्ष निवडतात; सुपरवायझर त्या दिवशी मालक नसतात, हिशेब देणारे असतात. क्लार्क मागील सभेचे इतिवृत्त वाचतो, खजिनदार जमाखर्च वाचतो, आणि मग मुख्य प्रश्न येतो: पुढच्या वर्षी कर किती उभारायचा? सामान्य खर्चासाठी इतका, रस्ते व पुलांसाठी इतका, अग्निशमनासाठी इतका, असे आकडे मांडले जातात, कोणी तरी सुधारणा सुचवतो, आणि हात वर करून मतदान होते. मंडळाला त्या आकड्याच्या वर जाता येत नाही. ज्याच्या शेतापुढचा रस्ता खराब आहे तो वाढीच्या बाजूने बोलतो, आणि तोच हात वर करतो तेव्हा स्वतःच्या करपावतीलाही हात लावत असतो.

आपल्या ग्रामसभेशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि काही अंशी ती रास्तही आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा मूळ कायदा १९५८ चा आहे, आणि मिनेसोटात टाउनशिपची घडी बसली ती बरोबर शंभर वर्षे आधी, १८५८ साली. पण आपल्याकडे घरपट्टीचा दर शासनाने घालून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते. ग्रामसभेत हात वर करून एकूण कराचा आकडा ठरत नाही. उलट आपल्या ग्रामपंचायतीच्या अंगावर पाणीपुरवठा, दिवाबत्ती, स्वच्छता, जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरकुल योजना आणि वरून येणाऱ्या असंख्य योजनांचा जो भार असतो, त्यातले जवळजवळ काहीच टाउनशिपकडे नसते. घरोघरी स्वतःची विहीर असते, शाळेसाठी स्वतंत्र शाळा-जिल्हा (शाळा चालवणारी वेगळी स्थानिक संस्था) असतो, पोलिसांचे काम काउंटीचा (टाउनशिपच्या वरचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेरिफ पाहतो, जमिनीच्या नोंदी व करवसुली काउंटीच करते, आणि आग विझवायला शेजारच्या लहान शहराच्या स्वयंसेवी दलाशी वार्षिक करार केलेला असतो. टाउनशिपला पूर्ण हक्क आहे, पण अगदी थोड्या गोष्टींवर.

त्या थोड्या गोष्टींत दोन जुनी कामे अजून टिकून आहेत. सुपरवायझर हे कायद्याने तणनिरीक्षक असतात: एखाद्याच्या पडीक शेतात उपद्रवी तण माजले आणि त्याचे बी वाऱ्याने शेजाऱ्याकडे जाऊ लागले, तर नोटीस देण्याचे काम त्यांचे. तसेच सामाईक कुंपणाचा वाद झाला, तर कुंपण-पंच म्हणून तेच जागेवर जातात आणि कोणी किती भाग बांधायचा ते ठरवतात. मिडवेस्टात (अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात) एक जुना रिवाज असा आहे की, दोन्ही शेजाऱ्यांनी कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभे राहायचे आणि प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताचा अर्धा भाग सांभाळायचा. बांध कोरल्याच्या तक्रारी ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला या साधेपणाचा हेवा वाटेल. आपल्याकडे शेतरस्ता अडवला गेला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागावी लागते. तिथे वाद पाहायला येणारा माणूस तीन सेक्शन पलीकडचा शेतकरीच असतो. त्याचे तोटेही उघड आहेत. पंच आणि वादी यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते, आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच उपयोगी पडेल याची हमी कायदा देऊ शकत नाही.

टाउनशिपपुढचे धोके दोन टोकांचे आहेत. शहराजवळच्या टाउनशिपमध्ये घरे वाढली, त्यांना नळाचे पाणी व सांडपाण्याची सोय हवी झाली, की शेजारचे शहर तो भाग आपल्या हद्दीत ओढून घेते आणि टाउनशिपच्या नकाशाचा कोपरा कुरतडला जातो. पुणे-नाशिककडच्या हद्दवाढीच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. इथे शहर या शब्दानेही फसू नये, कारण मिनेसोटाच्या कायद्यात शे-दीडशे लोकवस्तीचे गावही 'सिटी' असते, आणि ज्याला आपण टाउनशिप म्हणत आलो त्याला कायदा नुसते 'टाउन' म्हणतो. दुसरे टोक ओसाडीचे आहे. यंत्रे मोठी झाली, एकेका कुटुंबाच्या हाताखालचे शेत वाढत गेले, आणि चतकोरागणिक असलेली घरे रिकामी पडली. पाच पदांसाठी पाच इच्छुक मिळेनासे झाले की मतदारांना टाउनशिप विसर्जित करण्याचा ठराव करता येतो. मग तो प्रदेश 'असंघटित' म्हणून थेट काउंटीच्या कारभाराखाली जातो, आणि रस्त्यांवरचा बर्फ काढण्याची जबाबदारीही काउंटीवर येते. राज्याच्या उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात असे मोठे प्रदेश आहेत. तिथे आज ना सुपरवायझर आहेत ना मार्चमधली सभा, पण कोणी चाळीस एकर विकायला काढले, तर खरेदीखतात टाउनशिप व रेंजचे तेच जुने क्रमांक लिहावे लागतात.